दिवसाचे ऊन, रात्रीचा दिवा

मंडळी, आज आपण दोन वस्तूंची ओळख करून घेणार आहोत. पहिली वस्तू तुमच्या घरात आहेच. ती मोबाईलमध्ये आहे, हातबत्तीत आहे, पोराच्या खेळण्यातल्या मोटारीतही आहे. तिचे नाव लिथियमची बॅटरी. दुसरी वस्तू तुम्ही रस्त्यातल्या दिव्याच्या खांबावर पाहिली असेल. काळी-निळी, काचेची, सपाट. तिचे नाव सोलर पॅनेल. काही जण तिला सोलर प्लेट म्हणतात.

या दोघांची गाठ नीट घालून दिली, तर तारेची वीज नसतानाही रात्री दिवा लागतो. गाठ चुकली, तर बॅटरी मरते. कधी कधी तर घर पेटते. म्हणून हा पाठ सावकाश वाचा. आकडे आले की थांबा, आणि पुन्हा वाचा.

मरोळमध्ये याची गरज काय?

कोणी म्हणेल, “गुरुजी, आपण मुंबईत राहतो. मेट्रो आली, विमानतळ शेजारी आहे. आपल्याला सोलर कशाला?”

प्रश्न बरोबर आहे. उत्तर ऐका.

२६ जुलै २००५ आठवतो ना? त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी विहार आणि पवई तलावांकडून येते, मरोळवरून विमानतळाकडे आणि पुढे कुर्ल्याकडे जाते. ती फुगली आणि वस्त्यांत शिरली. उपनगरांत ठिकठिकाणी वीज बंद पडली. कुठे ती रात्रभर नव्हती, कुठे काही दिवस नव्हती. पाण्यात उभ्या असलेल्या घरात उजेड नसणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी पाऊसही नव्हता. दोष दूरच्या वाहिन्यांत होता, आणि अंधार आपल्या खोलीत होता.

आता आपल्या उशाशी असलेल्या आरे वसाहतीकडे पाहा. तिथल्या काही आदिवासी पाड्यांवर वीज फार उशिरा पोचली. शहराचे दिवे झाडांतून दिसत, पण पाड्यावर रॉकेलची चिमणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि आपल्या रस्त्यावरचा बाजार? संध्याकाळी भाजीची गाडी, मासळीची पाटी, वडापावचा ठेला, सगळ्यांना उजेड लागतो. गाडीवर तारेची वीज नाही. म्हणून तिथे बॅटरीचा दिवा असतो. तो विझला की गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे जाते. अशा माणसाला बॅटरी म्हणजे पोटाचा प्रश्न आहे.

तीन वस्तू, तीन कामे

उन्हाच्या दिव्याला तीन वस्तू लागतात.

एक, पॅनेल. हे कमावते.
दोन, बॅटरी. ही साठवते.
तीन, चार्ज कंट्रोलर. हा पहारा देतो.

पहिल्या दोन वस्तू सगळ्यांना दिसतात. तिसरी लहान असते. हिरव्या किंवा निळ्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा बोर्ड असतो. लोक ती वगळतात, पाच-पन्नास रुपये वाचवतात आणि घात करून घेतात. आजच्या पाठाचे मर्म या तिसऱ्या वस्तूत आहे. आपण तिला पहारेकरी म्हणू.

पॅनेल कसे कमावते?

पॅनेल वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकॉनचे असते. त्यावर ऊन पडले की वीज वाहू लागते. आत फिरणारे यंत्र नाही, तेलपाणी नाही. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडलेल्या उन्हातला शेकडा सहा हिस्साच तो विजेत बदलत असे. आजची चांगली पॅनेले शेकडा वीस आणि त्याहून जास्त हिस्सा बदलतात.

पॅनेलच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला असतो. तो वाचा. त्यावर वॉट लिहिलेले असतात. “१० वॉट” याचा अर्थ असा की, कडक उन्हात ते पॅनेल एका तासात १० वॉट-तास वीज कमावते. ढग आले की कमाई घटते. सावली पडली की फारच घटते. पॅनेलमधले घट एका ओळीत जोडलेले असतात. एकावर झाडाचे पान पडून राहिले, तरी सगळ्या ओळीची कमाई अडते. साखळीची एक कडी कच्ची असली की साखळीच कच्ची, तसेच हे.

बॅटरी कशी साठवते?

लिथियम हा सगळ्यांत हलका धातू आहे. बॅटरीच्या आत तो सुट्ट्या धातूच्या रूपात नसतो. त्याचे विद्युतभारित कण असतात. बॅटरी भरताना हे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. दिवा लावला की ते परत येतात. जाणे-येणे शेकडो वेळा चालते. म्हणून ही बॅटरी पुन्हा पुन्हा भरता येते.

जपानच्या सोनी कंपनीने १९९१ साली ही बॅटरी प्रथम बाजारात आणली. हा शोध लावण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. चाळिशीत पाटी हाती घेतली म्हणून लाजणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

बॅटरीचा एक सुटा नग म्हणजे सेल. बाजारात बहुतेक गोल सेल दिसतो. त्याची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. अर्थ कळला की हा आकडा अवघड वाटत नाही.

व्होल्ट, अँपिअर आणि वॉट-तास

हे तीन शब्द नळाच्या पाण्यावरून समजून घेऊ.

टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेचा हा जोर म्हणजे व्होल्ट.

नळाची धार जितकी जाड, तितके पाणी जास्त येते. विजेची ही धार म्हणजे अँपिअर.

आणि हंड्यात किती पाणी साठले? विजेचा हा साठा म्हणजे वॉट-तास.

साठा काढण्याचा गुणाकार सोपा आहे. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणायचे. सेलवर “३.७ व्होल्ट, २६०० मिलिअँपिअर-तास” असे लिहिले आहे, असे समजा. हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर. म्हणजे २६०० चे झाले २.६.

३.७ गुणिले २.६ बरोबर ९.६२.

म्हणजे त्या सेलमध्ये साडेनऊ वॉट-तासांपेक्षा थोडी जास्त वीज मावते. हंड्याचे माप कळले. आता हंडा भरू.

पहारेकरी काय करतो?

सकाळी नळाला पाणी आले की आपण हंडा कसा भरतो? आधी नळ पूर्ण सोडतो. काठ जवळ आला की धार बारीक करतो. काठाला पाणी लागले की नळ बंद. पहारेकरी बॅटरीच्या बाबतीत हेच करतो.

साध्या लिथियम सेलचा काठ ४.२ व्होल्ट आहे. तिथपर्यंत भरला की पहारेकरी वीज थांबवतो. पॅनेलला हे कळत नाही. ऊन आहे तोवर ते ढकलतच राहते. पॅनेलची तार थेट सेलला जोडली, तर सेल भरून गेला तरी वीज आत घुसत राहील. मग आत नको तिथे लिथियमचा धातू साचतो. सेल तापतो, फुगतो. आतला द्रव ज्वालाग्राही असतो. एकदा आतली उष्णता ठरावीक हद्दीपलीकडे गेली की तीच आणखी उष्णता निर्माण करते, आणि सेल धूर व जाळ ओकतो. अति तेथे माती ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

पहारेकऱ्याचे दुसरे काम खालच्या टोकाला आहे. सेल फार रिकामा होऊ देणेही वाईट. साधारण २.५ ते ३ व्होल्टच्या दरम्यान दिवा आपोआप बंद व्हायला हवा. तसा बंद झाला की लोक म्हणतात, “दिवा खराब झाला.” खराब नाही झाला. पहारेकऱ्याने दार लावले. उन्हात ठेवा, पुन्हा चालू होईल.

बोर्ड विकत घेताना त्यावरची अक्षरे पाहा. ज्या बोर्डावर सेलसाठी ‘बी+’ आणि ‘बी–’, आणि दिव्यासाठी निराळ्या ‘आऊट+’ आणि ‘आऊट–’ अशा जागा असतात, तो बहुधा दोन्ही कामे करतो. दिव्यासाठी निराळ्या जागाच नसतील, तर तो बोर्ड फक्त भरण्याचा आहे. रिकामे होण्यावर त्याचा पहारा नाही. दुकानदाराला तसे विचारून घ्या.

दोन चुका ज्या नेहमी होतात

पहिली चूक पॅनेलची. बाजारात “१२ व्होल्ट”चे पॅनेल सर्रास मिळते. नाव १२ व्होल्ट, पण उन्हात ते १७-१८ व्होल्ट देते. काही न जोडता मोजले तर २१ च्याही वर जाते. आणि सेलसाठीचा लहान बोर्ड असतो ५ व्होल्टचा. अशा पॅनेलला तो जोडला की क्षणात जळतो. पहारेकरीच मेला, तर दार कोण राखणार? म्हणून ५ व्होल्टच्या बोर्डाला ५-६ व्होल्टचे लहान पॅनेल घ्या. १२ व्होल्टचे पॅनेल असेल, तर त्या जोराचा, लिथियमसाठी बनवलेला कंट्रोलर मागा.

दुसरी चूक सेलची. लिथियमच्या सेलमध्ये दोन जाती पुष्कळ दिसतात. एक साधी, मोबाईलच्या जातीची. तिच्यावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहितात. दुसरी लोह-फॉस्फेटची. तिच्यावर ३.२ व्होल्ट लिहितात, आणि तिचा काठ ३.६५ व्होल्टला आहे. एकीचा पहारेकरी दुसरीला चालत नाही. ४.२ व्होल्टला थांबणारा बोर्ड लोह-फॉस्फेटच्या सेलला काठाच्या वर भरत राहील.

घरच्या दिव्याला लोह-फॉस्फेट चांगली. ती आकाराने थोडी मोठी असते, पण सहजासहजी पेट घेत नाही. साधी बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली की थकते. लोह-फॉस्फेटची चांगली बॅटरी दोन हजार वेळा आणि त्याहून जास्तही चालते.

नऊ हजारांची गोष्ट

वर्गात मासळी विकणाऱ्या एक मावशी येतात. त्या एकदा म्हणाल्या, “गुरुजी, माझ्या दिव्याचा सेल दोन महिन्यांत बसला. वरती तर नऊ हजार नऊशे लिहिलंय! दुकानवाला म्हणाला, जास्त आकडा म्हणजे जास्त दम.”

मी विचारले, “मावशी, सेल कोणत्या मापाचा?”

“ते काय, १८६५०. तुम्हीच शिकवलंत की.”

“मग ऐका. या मापात आज चांगल्यातल्या चांगल्या कारखान्याचा सेल साडेतीन हजारांच्या आसपास जातो, फार तर थोडा वर. नऊ हजार नऊशे त्यात मावतच नाहीत. शेरभराच्या भांड्यात तीन शेर दूध मावेल का?”

“अगं बाई! म्हणजे छापलेलंही खोटं असतं?”

“असतं. म्हणून नुसतं वाचायचं नाही, पडताळायचंही. तुमच्याकडे काटा आहे ना? सेल काट्यावर टाका. चांगला १८६५० साधारण ४५ ग्रॅम भरतो. पंचवीस-तीस ग्रॅमच भरला, तर आत माल कमी आहे.”

मावशी हसल्या. “मासळी तोलता तोलता आता सेलही तोलायचा!”

मंडळी, वाचायला शिकण्याचा हाही एक लाभ. आकडा वाचता आला नाही, तर दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागते. आकडा वाचता आला आणि त्याचे मापही ठाऊक असले, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहतो.

आणखी एक पाहा. आपल्या देशात लिथियमच्या सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्या मानकाचा क्रमांक आय.एस. १६०४६. तो आकडा सेलवर किंवा वेष्टनावर शोधा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवे प्लॅस्टिक चढवून विकले जातात. ते स्वस्त पडतात. पण ते किती वर्षे राबले, कुठे आपटले, कोणी सांगत नाही. घरात मुलेबाळे झोपतात तिथे असला सेल नको.

जमाखर्च

आता हिशेब करू. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम विजेलाही लागू आहे.

खर्च: घरात ३ वॉटचा एल.ई.डी. दिवा आहे. तो रात्री ५ तास लावायचा आहे.
३ गुणिले ५ बरोबर १५ वॉट-तास.

साठा: वर पाहिलेल्या एका सेलमध्ये ९.६ वॉट-तास मावतात. दोन सेलमध्ये १९.२. सेल तळापर्यंत रिकामा करायचा नाही. शंभरातले ऐंशी वापरायचे. १९.२ चे शेकडा ऐंशी म्हणजे १५ च्या थोडे वर. आपला खर्च १५. म्हणजे दोन सेल पुरले. मात्र दोन्ही सेल एकाच बनावटीचे, एकाच वयाचे आणि जोडताना सारखे भरलेले असले पाहिजेत. एक नवा, एक जुना असे जोडू नका. सेल एकापुढे एक असे ओळीत जोडण्याचे काम तर जाणकाराकडेच द्या. सगळ्यांत बरे म्हणजे बोर्डासकट तयार बांधलेली बॅटरी घ्यावी.

कमाई: १५ खर्च आहेत म्हणून १५ च कमावून भागत नाही. साधा बोर्ड कमाईतला बराच हिस्सा उष्णतेत घालवतो. पॅनेलवर धूळ बसते. पॅनेल तापले की तेही कमी देते. म्हणून खर्चाच्या दुप्पट कमाई धरा, म्हणजे ३० वॉट-तास. कडक उन्हाचे दिवसाला ४ तास धरू. ३० भागिले ४ बरोबर साडेसात. बाजारात त्यावरचे माप १० वॉटचे मिळेल. ते घ्या. ते शाळेतल्या पाटीपेक्षा थोडे मोठे असते.

आता मोबाईलचे पाहा. आजच्या मोबाईलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. म्हणजे एक मोबाईल पूर्ण भरायला एका रात्रीच्या दिव्याहून जास्त वीज लागते! वीज गेलेल्या रात्री दोन्ही हवे असेल, तर सेल दुपटीहून जास्त आणि पॅनेल दुप्पट घ्यावे लागेल. नाहीतर मोबाईल जपून वापरायचा. आधी हिशेब केला, तर अडचणीच्या रात्री घरात भांडण होत नाही.

पॅनेल कुठे ठेवाल?

आपल्या गल्ल्या अरुंद. एकाच्या पोटमाळ्याची सावली दुसऱ्याच्या पत्र्यावर पडते. म्हणून आधी एक दिवस नुसते निरीक्षण करा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पत्र्यावर किंवा गॅलरीत कुठे ऊन आहे, ते खडूने आखून ठेवा. तिन्ही खुणा जिथे एकत्र येतील, ती जागा पॅनेलची.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणून पॅनेल सुमारे २० अंश कलते ठेवायचे. कोनमापक नको. ३५ सेंटिमीटर लांबीच्या पॅनेलची उत्तरेकडची कड १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत, उचलली की झाले. कलते ठेवले की पावसाने धूळही धुऊन जाते.

पॅनेल पत्र्याला चिकटवून ठेवू नका. खाली चार बोटे वारा खेळू द्या. ते घट्ट बांधा. जूनच्या वाऱ्यात उडून कोणाच्या डोक्यात पडता कामा नये. मरोळला रस्त्याची आणि कारखान्यांची धूळ पुष्कळ. आठवड्यातून एकदा सकाळी, पॅनेल गार असताना, ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळ्यात काय? जुलै-ऑगस्टमध्ये कडक उन्हाचे तास निम्म्यावर येतात. कधी दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. निम्मी कमाई झाली, तर दिवा पाच तासांऐवजी अडीच तास लावायचा. मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक, एवढ्यापुरता. पावसाळ्यातही पूर्ण उजेड हवा असेल, तर पॅनेल दुप्पट घ्यावे लागेल.

बॅटरी कुठे ठेवाल?

पॅनेलला ऊन हवे, बॅटरीला सावली हवी. ही उलट गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली अंग भाजते. ४५ अंशांच्या वर तापलेला सेल भरणे धोक्याचे आहे. म्हणून बॅटरी पत्र्याला टांगू नका, पॅनेलच्या पाठीला चिकटवू नका. तार लांब घ्या आणि बॅटरी घरात खाली, वारा लागेल अशा कोरड्या जागी, पाण्याची पातळी येणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवा.

उशीखाली नको. गादीवर नको. गॅसच्या शेगडीजवळ नको. आणि दाराच्या तोंडाशी तर मुळीच नको. आपल्या खोलीला दार एकच असते. दारातच जाळ झाला, तर बाहेर पडणार कसे?

सेल फुगला, त्याला गोडसर उग्र वास आला किंवा तो हाताला चटका देऊ लागला, तर त्याचे काम संपले. त्याला टोचू नका, दाबू नका, पुन्हा भरू नका. सोडवता येत असेल तर सोडवून बाहेर मोकळ्या जागी, मातीवर ठेवा. धूर येऊ लागला असेल, तर हात लावायला थांबू नका. आधी माणसे बाहेर काढा. तो धूर विषारी असतो. मग अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर फोन करा. मरोळला अग्निशमन केंद्र आहे. पण ते पोचेपर्यंत माणसे बाहेर असली पाहिजेत.

मेलेला सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला की पेटू शकतो, आणि गाडीवर आपल्यासारखीच माणसे काम करतात. २०२२ साली आपल्या देशात बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम झाले. त्यांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी ती विकणाऱ्या उत्पादकावर आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

शेजारच्या पवईची गोष्ट

हे काम मोठ्या इंजिनिअरांचे, आपले नव्हे, असे कोणी समजू नये. मरोळहून हाकेच्या अंतरावर पवईला आय.आय.टी. आहे. तिथल्या मंडळींनी २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांना १० लाख सौरदिवे देण्याची योजना हाती घेतली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांतल्या, विजेची टंचाई असलेल्या गावांतली मुले डोळ्यांसमोर होती. दिवा अभ्यासाचा, किंमत मुलाला परवडेल अशी.

या योजनेतली माझ्या मते सगळ्यांत चांगली गोष्ट दिव्याची नाही. दिवे कारखान्यातून तयार होऊन गावात गेले नाहीत. सुटे भाग गेले. गावातल्याच माणसांना शिकवले गेले. त्यांनीच दिवे जोडले, विकले आणि बिघडल्यावर दुरुस्तही केले. पुढे असल्याच कामात बचत गटांच्या बायकांनीही हात घातला. शिकवल्यावर त्यांना ते जमले. मग आपल्याला का जमू नये?

वस्ती एकेकट्याने अंधारात बसण्यापेक्षा चार घरांनी मिळून एकाला हे काम शिकवून घ्यावे. व्होल्ट मोजायचे एक लहान यंत्र, म्हणजे मल्टिमीटर, चौघांत मिळून घ्यावे. ते फार महाग नसते. महिन्यातून एकदा प्रत्येक घरचा दिवा तपासावा. नुसता पडून राहिलेला दिवा अडचणीच्या वेळी लागत नाही. पुराची रात्र आधी सांगून येत नाही.

लक्षात ठेवा

१. पॅनेल थेट सेलला जोडू नका. मध्ये पहारेकरी हवाच.
२. पॅनेलचे व्होल्ट आणि बोर्डाचे व्होल्ट वाचून मगच जोडा.
३. ३.७ व्होल्टच्या सेलचा काठ ४.२. ३.२ व्होल्टच्या सेलचा काठ ३.६५. पहारेकरी त्या त्या जातीचा घ्या.
४. १८६५० सेलवर पाच हजारांवरचा आकडा दिसला, तर तो खोटा समजा.
५. जितका खर्च, त्याच्या दुप्पट कमाई धरा.
६. पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत.
७. फुगलेला सेल पुन्हा भरू नका.

प्रश्न

१. तुमच्या घरातल्या हातबत्तीचा सेल पाहा. त्यावर कोणते आकडे आहेत? ते वहीत उतरवा.
२. ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास असलेल्या बॅटरीत किती वॉट-तास मावतात? गुणाकार करा.
३. २ वॉटचा दिवा ६ तास लावायचा आहे. खर्च किती? कमाई किती धरावी लागेल? ४ तास कडक ऊन धरल्यास पॅनेल किती वॉटचे लागेल?
४. दिवा आपोआप बंद झाला, तर तो खराब झाला असे का म्हणू नये?
५. तुमच्या घराजवळ सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन कुठे असते? पाहून या आणि पुढच्या वर्गात सांगा.